तातीवर तारेचा वेढा

पंडित रामनारायण तरुण होते तेव्हाची गोष्ट. सारंगीच्या मुख्य तीन तारा आतड्याच्या असतात. त्यांना तात म्हणतात. रामनारायणांनी त्यांतली पहिली तात काढली आणि तिच्या जागी पोलादी तार चढवून पाहिली. वाजवणं सोपं झालं, पण सारंगीचा आवाज बदलला. तो बदल त्यांना रुचला नाही. पोलादी तार उतरली, तात परत आली. १९४९मध्ये मुंबईत स्थायिक झालेल्या आणि सारंगीला साथीच्या जागेवरून उठवून मैफलीच्या मधोमध बसवणाऱ्या या कलावंताचं नोव्हेंबर २०२४मध्ये निधन झालं. पोलादाशी केलेला तो संसार अल्पकाळाचाच ठरला.

हाच प्रयोग पश्चिमेकडे दुसऱ्या एका वाद्यावर झाला आणि तिथे निकाल उलटा लागला. ते वाद्य म्हणजे डबल बेस. माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं, व्हायोलिनच्या गोतावळ्यातलं सगळ्यांत थोराड. त्याच्यावरही शेकडो वर्षं आतड्याच्याच तारा होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर पोलाद आलं आणि दोन-तीन दशकांत तात जवळपास हद्दपार झाली. आता काही वादक उलट्या पावली निघाले आहेत. पोलादी संच उतरवून ते आतड्याच्या तारा चढवून बघतात, त्यातही आतड्यावर धातूची बारीक तार गुंडाळलेल्या. कुणाला त्या मानवतात, कुणी महिनाभरात कंटाळतो. या खटाटोपात नेमकं काय बदलतं हे कळायला थोडं पदार्थविज्ञान लागतं, थोडं हवामान लागतं आणि सारंगी बरीच उपयोगी पडते.

डबल बेस जवळून पाहिलेली मराठी माणसं थोडी असतील, पण तो कानावर पडला नाही असा माणूस मिळणं कठीण. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर म्हणजे सी. रामचंद्र यांनी १९५१च्या ‘अलबेला’त जो बँडचा धमाका उडवला, त्यात त्यांच्या जोडीला चिक चॉकलेट होते. गोव्यातल्या हळदोण्याचे हे ट्रंपेटवादक. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला बसणारे वादक मोठ्या संख्येने गोव्याचे होते. त्या वाद्यवृंदांमध्ये मागच्या बाजूला उभा राहून एकजण मोठ्या वाद्याच्या तारा बोटाने ओढत असे. ढोलक-तबल्याच्याही खाली जो जाडसर ठोका चालू असतो, तो त्याचा. घरच्या छोट्या रेडिओवर तो ठोका अर्धाअधिक गळून जायचा. वीतभर कर्ण्यातून इतका खोल सूर बाहेर पडतच नाही. म्हणजे आपण जुनी गाणी ज्या रूपात पाठ केली, त्यात बेसवादक बिचारा बहुतेक वेळा गैरहजरच होता.

मुंबईच्या झुबिन मेहतांचं या वाद्याशी नातं फारसं कुणाच्या लक्षात नसतं. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्याच वर्षी जन्मलेले झुबिन १९५४मध्ये व्हिएन्नाला वाद्यवृंद-संचालन शिकायला गेले, आणि तिथे स्वतः वाजवण्यासाठी त्यांचं वाद्य होतं डबल बेस. वडिलांच्या हातात घराण्यातलं धाकटं पोर आणि मुलाच्या खांद्याला टेकलेला आजोबा, असा हा प्रकार. आज मुंबईच्या एनसीपीएत २००६पासून चालू असलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला गेलं, तर मंचाच्या एका कडेला या आजोबांची रांग उभी दिसते.

आता तारांकडे वळू.

डबल बेसला बहुधा चार तारा असतात: ई, ए, डी आणि जी. सगळ्यांत खालची ई सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, ए ५५, डी ७३ आणि सगळ्यांत वरची जी ९८ वेळा. मोकळ्या तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर. व्हायोलिनची जेमतेम ३३. सूर खाली न्यायचे तीन मार्ग आहेत: तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६मध्ये हे नियम गणितात मांडले. तंतकारांना ते हाताने आधीच ठाऊक असणार. लांबी वाढवायला मर्यादा आहे, कारण माणसाचा हात वाढत नाही. सैल तार लोळते, गजाखाली धरत नाही. राहता राहिलं वजन.

इथे थोडी आकडेमोड करून बघू. समजा, वरची जी तार निव्वळ तातीची आहे आणि दोन मिलिमीटर जाड आहे. तिला योग्य सुरात आणायला साधारण साडेसतरा किलो वजन टांगल्याएवढा ताण लागेल. तेवढ्याच ताणावर आणि तेवढ्याच लांबीत तातीचीच ई हवी असेल, तर जाडी जवळपास २.४ पट करावी लागते. म्हणजे ४.८ मिलिमीटर. अर्धा सेंटिमीटर जाडीची ही वस्तू बोटाखाली तार कमी आणि दोर जास्त वाटते. खरी अडचण जाडीची नसून ताठरपणाची आहे. जाडी दुप्पट केली की वाकवायला लागणारं बळ सोळापट होतं. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप उमटतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. प्रत्येक चांगल्या तारेत असे वरचे सूर मूळ सुराच्या ठरीव पटीत नांदत असतात. तार काठीसारखी ताठ झाली की ते आपल्या जागेवरून वर सरकतात, बेसूर होतात आणि दबतात. ऐकणाऱ्याला ‘धप्प’ तेवढं कळतं. सूर कोणता, याचा अंदाज करावा लागतो.

यावरचा तोडगा गिटार पाहिलेल्या कुणीही पाहिला आहे. गिटारच्या वरच्या बाजूच्या जाड तारांवर नख फिरवलं की खर्रर्र आवाज येतो, कारण त्यांच्यावर बारीक तारेचे वेढे असतात. आतली तार पातळ आणि लवचीक ठेवायची, वजन बाहेरून गुंडाळायचं. आतड्याची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट, तांब्याची ८.९ पट, चांदीची १०.५ पट. चांदीचा पातळसा वेढा दिला की बारीक तातसुद्धा जाड दोराइतकी जड होते, आणि तरी वाकायला ती मऊच राहते.

ही युक्ती कुणी काढली, ते सांगता येत नाही. कधी निघाली, ते बरंच सांगता येतं. सॅम्युअल हार्टलिब या लंडनमधल्या खटपट्या टिपणकाराच्या कागदपत्रांत १६५९च्या सुमारास गोरेट्स्की नावाच्या कुणाने ल्यूटच्या तारांवर चांदीची तार चढवल्याची नोंद आहे. १६६४मध्ये जॉन प्लेफर्ड या लंडनच्याच प्रकाशकाने आपल्या संगीतविषयक पुस्तकात या नव्या तारांची जाहिरात छापली: तातीवर किंवा रेशमावर बारीक तार गुंडाळलेली आणि साध्या तातीपेक्षा मोठा, चांगला आवाज देणारी. पुढच्याच वर्षी, १६६५मध्ये इटलीत ‘व्हायोलोन्चेल्लो’ हा शब्द पहिल्यांदा छापलेला सापडतो, म्हणजे आजचा चेलो. हा निव्वळ योगायोग नसावा, असं बरेच अभ्यासक मानतात. खालचे सूर बारीक तारेतून निघू लागल्यावर वाद्याचा आकार आटोक्यात आणता आला.

डबल बेसच्या नशिबात मात्र एवढी सोय लगेच नव्हती. एकोणिसाव्या शतकातही इटली आणि इंग्लंडमध्ये तीन तारांचे बेस सर्रास दिसत. दोमेनिको द्रागोनेत्ती आणि जोवान्नी बोत्तेसिनी हे त्या वाद्याचे दोन दिग्विजयी वादक. दोघांनीही तीन तारांवरच नाव कमावलं. चौथी, सगळ्यांत खालची तार कटकटीची आणि आवाजाला मेंगळट, तिच्यावाचून बाकीच्या तीन अधिक मोकळ्या बोलतात, हे त्यामागचं एक कारण. बोत्तेसिनी तर मुख्यतः वरच्या सुरांत गाणारा माणूस. त्याला तळघराची गरजच कमी.

तात बनते कशी? इंग्रजीत तिला कॅटगट म्हणतात, पण मांजराचा या धंद्याशी काही संबंध नाही. आतडं मेंढीचं, बकरीचं किंवा गुराचं. मेंढीचं लहान आतडंच वीस-पंचवीस मीटर भरतं. ते धुऊन, खरवडून, क्षाराच्या पाण्यात भिजवून त्याचे लांबलचक पट्टे काढतात. ओले असतानाच ते एकत्र पिळतात, ताणून वाळवतात आणि घासून गुळगुळीत करतात. पट्टे जितके जास्त तितकी तात जाड. हे सगळं काम ओलं, वासाचं आणि हातावर बेतणारं. एकेकाळी या धाग्याचे गिऱ्हाईक अनेक होते. शल्यचिकित्सक त्याने जखमा शिवत. १८७५मध्ये फ्रान्समधल्या लिआँच्या पिएर बाबोला यांनी त्यातून टेनिसच्या रॅकेटची जाळी विणली; त्यांच्या घराण्याची कंपनी आजही रॅकेटच्या तारा विकते. आपल्याकडे गादीवाला पिंजारी खांद्यावर जी लांब धनुकली घेऊन गल्लीत यायचा आणि ‘टंय टंय’ करत कापूस पिंजायचा, तिचीही दोरी तातीचीच असे. तातीचा आवाज मुद्दाम मैफलीला न जाता अनेकांनी पहिल्यांदा ऐकला तो दारातल्या पिंजाऱ्याकडे. देवीच्या जोगत्यांचं चौंडकं हे आणखी एक उदाहरण. काखेत धरलेल्या लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडं, त्यातून निघालेली एकच तात, आणि तिचा ताण हाताने कमीजास्त करत काढलेला तो घुमणारा, घसरणारा ठोका. डबल बेसच्या तातीचा आवाज शब्दांत कसा सांगायचा असा प्रश्न पडला, तर चौंडक्यापासून सुरुवात करणं बरं.

दुसऱ्या महायुद्धाने तातीचं गणित बिघडवलं. शस्त्रक्रियेच्या धाग्यासाठी आतड्याला मागणी वाढली आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. आंद्रेस सेगोव्हियासारख्या गिटारवादकाला न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून दिल्या त्या याच टंचाईच्या पोटी, आणि शास्त्रीय गिटार तातीकडे परत फिरली नाही. डबल बेसकडे पोलाद आलं. व्हिएन्नाच्या टोमास्टिक-इनफेल्डसारख्या कंपन्यांनी पिळाच्या पोलादी दोरावर धातूचे वेढे देऊन अशा तारा काढल्या की त्या सुरात टिकत, गजाखाली झटकन बोलत आणि वर्षानुवर्षं तुटत नसत. त्यात विजेवर चालणारे ध्वनिवर्धक आले. ढोल-गिटारच्या गदारोळात बेसवादकालाही आवाज वाढवणं भाग होतं, आणि पोलादाची लांब रेंगाळणारी आस ध्वनिवर्धकाला छान मानवली.

त्याआधीचा आवाज ऐकायचा असेल तर जुलै १९५४मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीने ‘दॅट्स ऑल राइट’ ध्वनिमुद्रित केलं, ते काढावं. त्यात ड्रम नाहीत. दोन गिटार आणि बिल ब्लॅकचा डबल बेस. तार ओढून फळीवर आपटायची आणि मधल्या वेळात तळव्याने चापट द्यायची, या पद्धतीने बेस हाच ढोल झाला आहे. ब्लॅकचं पुढच्या काळातलं वाद्य आता बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींकडे आहे. अशा वाजवण्याला कमी ताणाची, मऊ तार हवी. पोलादी तार असं आपटू लागलं की संध्याकाळपर्यंत बोटांची सालटी निघतात.

मग आज कुणाला तात बांधून बघायची असेल तर? भोपाळच्या अशोका गार्डनमधलं एखादं घर डोळ्यांसमोर आणू. रेल्वे रुळांच्या पूर्वेकडची ही दाट वस्ती. भोपाळच्या हवेत हा प्रयोग करणं म्हणजे दोन वेगवेगळ्या ग्रहांवर करण्यासारखं आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, लू वाहते, लाकूड तडकतं, ओठ फुटतात. जुलै उजाडला की भिंतींना ओल आणि पापडांना बुरशी. पोलादी तारेला या सगळ्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तात मात्र एकेकाळी जिवंत प्राण्याच्या पोटात होती, आणि हवेतलं पाणी शोषण्याची सवय तिने सोडलेली नाही.

पहिला नियम असा की चारही तारा एकदम उतरवायच्या नाहीत. डबल बेसच्या पोटात, घोडीच्या एका पायाखाली, एक लाकडी काठी नुसत्या दाबावर उभी असते. तिला ना डिंक ना खिळा. घोडीचे कंप पाठीच्या फळीला पोचवणं हे तिचं काम. फ्रेंच आणि इटालियन भाषांत तिला चक्क ‘आत्मा’ म्हणतात. सगळ्या तारा एकदम सैल झाल्या की हा आत्मा आतल्या आत कोसळतो आणि घोडी आडवी होते. म्हणून एक तार काढायची, तिच्या जागी नवी लावून सुरात आणायची, मगच दुसरीला हात लावायचा.

दुसरी गोष्ट खाचांची. वेढ्याची असली तरी आतड्याची तार पोलादीपेक्षा जाड असते. मानेच्या टोकाच्या पट्टीवरच्या आणि घोडीवरच्या खाचा रुंद कराव्या लागतात. अरुंद खाचेत तात अडकते, तिच्यावरचा वेढा कापला जातो, आणि महागाची वस्तू आठवड्यात वाया जाते. खाच एकदा रुंद केली की पोलादाकडे परत जाणंही सोपं राहत नाही. बारीक तार रुंद खाचेत सैल बसते. प्रयोग करताना लोक हीच गोष्ट विसरतात. शहाणा वादक दुसरी घोडी करून घेतो, आणि जुनी जपून ठेवतो.

मग पहिले काही दिवस नुसती खुंटी पिळण्यात जातात. तात ताणते. सकाळी लावलेली दुपारी उतरते, दुपारी लावलेली रात्री. ताण कमी असल्याने ती हेलकावे मोठे घेते, त्यामुळे ती फळीपासून थोडी उंच ठेवावी लागते. नाहीतर फळीवर खरखरते. डाव्या हाताला हे अंतर सुरुवातीला जाणवतं. त्याच्या बदल्यात दाबायला ती मऊ लागते. उजव्या हाताचं तंत्रही बदलतं. पोलादी तारेला बोटाच्या टोकाने टिचकी दिली तरी ती बोलते. तातीला बोटाची आडवी, मांसल बाजू लावून खेचून काढावं लागतं. मोबदल्यात जो आवाज येतो त्याला तोंड जाड आणि शेपूट आखूड. ठोका उमटतो, फुलतो आणि विरतो. पुढच्या सुराच्या पायात पाय घालत नाही. चौघांच्या छोट्या मेळात, विजेशिवाय वाजवताना, ही आखूड शेपटी फार कामाची. पोलादी तार घुमत राहते आणि हात ठेवून तिला गप्प करावं लागतं.

गजाने वाजवणाऱ्याची कहाणी वेगळी. निव्वळ तातीची जाड तार गजाखाली उशिरा जागी होते, कधी नुसतीच कुरकुरते. राळ बदलावी लागते, गजाचा वेग आणि दाब नव्याने शिकावा लागतो. वेढ्याच्या तारेचा फायदा इथेच कळतो. पृष्ठभाग धातूचा, वजन पुरेसं, आतला गाभा मात्र आतड्याचा. आवाजात पोलादाची धार येत नाही, आणि गजालाही धरायला काहीतरी मिळतं. जर्मनीतल्या ओफेनबाखची पिरास्ट्रो ही १७९८पासूनची तार बनवणारी कंपनी. तिच्या यूडोक्सा आणि ओलिव्ह या नावांच्या बेसच्या तारा अशा तात-गाभ्याच्या आहेत. बरेच जण सरमिसळ करतात: वरच्या जी आणि डी निव्वळ तातीच्या, खालच्या ए आणि ई वेढ्याच्या. वर दिलेली आकडेमोड पाहिली तर ही विभागणी का सुचली असेल ते कळतं. वरच्या तारांना वजनाची गरजच नाही, खालच्यांना तिच्यावाचून गती नाही.

तरीही वेढ्याची तात ही तडजोड आहे, आणि तडजोडीत दोन्हीकडचे थोडे थोडे दोष पदरात येतात. निव्वळ तातीला बारीक केसासारखे धागे सुटतात. वादक ते नखं कापायच्या कात्रीने कापतात, तेलाचा हात फिरवतात आणि तार आणखी काही महिने चालते. वेढा सुटला की असा इलाज नाही, तार संपली. घामाने धातू काळवंडतो. चुंबकावर चालणाऱ्या पिकअपला आतडं दिसतच नाही, म्हणून घोडीवरचे कंप टिपणारं दुसरं उपकरण लावावं लागतं. किंमत पोलादी संचाच्या कितीतरी वर, आणि मागवायच्या परदेशातून. हे सगळं ऐकून कुणी पोलादावरच राहायचं ठरवलं, तर त्याला भित्रा म्हणू नये. मोठ्या वाद्यवृंदात रोज चार तास गज फिरवणाऱ्याला पोलाद सोडण्याचं काही कारण नाही. नायलॉनच्या जातीच्या कृत्रिम गाभ्यावर धातूचा वेढा दिलेल्या तारा हा तिसरा मार्गही आता आहे. तातीच्या आवाजाच्या आसपास त्या जातात आणि पावसाळ्यात रडवत नाहीत. बोटाने वाजवणाऱ्या, छोट्या खोलीत, गायकाच्या जवळ उभं राहणाऱ्या वादकाने मात्र आयुष्यात एकदा तरी तात बांधून पाहावी, असं म्हणायला हरकत नाही.

भोपाळमध्ये हा सल्ला द्यायला मुळात जर्मनीची साक्ष काढायची गरज नव्हती. अशोका गार्डनमधून निघून, रूळ ओलांडून, जुनं शहर पार करून मोठ्या तलावाच्या काठावर गेलं की चार्ल्स कोरियांनी आखलेलं, फेब्रुवारी १९८२मध्ये उघडलेलं भारत भवन लागतं. याच शहरात १९८९मध्ये देशभरच्या सारंगीवादकांचा मेळा भरला होता. साथीला हार्मोनियम आल्यापासून सारंगीचं काय होणार ही चिंता तेव्हा ऐन भरात होती. उस्ताद अब्दुल लतीफ खाँ हे सारंगीतलं थोर नाव याच शहराचं. २००२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तातीवर नखाचा मुळाकडचा भाग कडेने टेकवून सूर काढणाऱ्या या मंडळींनी मे आणि जुलै दोन्ही निभावले आहेत. हवा बदलली की मैफलीच्या आधी जास्त वेळ सुरात लावायचं, यापलीकडे त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. सारंगीला मात्र एक फायदा आहे. तिच्या मुख्य तातींखाली तीसहून जास्त धातूच्या तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, असतात. चमक आणि आस त्या पुरवतात, तातीला फक्त गळा पुरवायचा असतो. डबल बेसला असा खालचा मजला नाही. तिथे वजन, चमक, टिकाऊपणा सगळं एकाच तारेकडून हवं असतं, आणि म्हणून धातू तातीच्या अंगावरच गुंडाळावा लागतो.

मध्य प्रदेशातच याच्या उलट टोकाचं उदाहरणही आहे. अफगाणी रबाबाच्या मुख्य तारा पूर्वी तातीच्या असत. त्याचा आवाज टणत्कारी, आखूड. एकोणिसाव्या शतकात त्याच वाद्यावरून सरोद घडला. लाकडी पट्टीच्या जागी धातूचा पत्रा आला, तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, आणि मिंडेची लांब आस मिळाली. ग्वाल्हेरच्या बंगश घराण्याच्या वास्तूत आज ‘सरोद घर’ हे संग्रहालय आहे. एकाच मुलखात एका वाद्याने तात सोडली म्हणून ते मोठं झालं आणि दुसऱ्याने सोडली नाही म्हणून ते सारंगी राहिलं. यातून डबल बेसवाल्याने कोणता धडा घ्यायचा, ते त्याला कोणतं वाजवणं आवडतं त्यावर आहे.

शेवटी एक व्यवहारी सूचना, खास उन्हाळ्यात हा प्रयोग सुरू करणाऱ्यांसाठी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आतला आतड्याचा गाभा आकसतो. त्याच्यावरचा धातूचा वेढा तेवढाच राहतो, त्यामुळे तो किंचित सैल पडतो आणि तार छेडली की बारीक झणझण ऐकू येते. नवखा वादक घाबरतो. घोडी तपासतो, आत्म्याची काठी हलली का म्हणून भोकातून टॉर्च मारतो, तार खराब निघाली म्हणून दुकानदाराला फोन करतो. खोलीत ओलं फडकं टांगावं, वाळ्याच्या कूलरपासून वाद्य फार लांब ठेवू नये, आणि थोडा धीर धरावा. जूनच्या अखेरीस पहिला जोराचा पाऊस पडला की गाभा फुगतो, वेढा घट्ट बसतो आणि झणझण आपोआप थांबते. मग नवी तक्रार सुरू होते, ती खुंटीची. दमट हवेत लावलेला सूर दर तासाला हलतो.